दोरी ओढतानाचा आवाज

९ जानेवारी, शुक्रवार

घडीची खुर्ची फुकट मिळाली असं घरी सांगितलं. खरा हिशेब असा — भंगारवाल्याची पाण्याची मोटार दुरुस्त करण्यात अर्धा दिवस गेला, खुर्ची उचलताना चांगली पँट खिळ्याला लागून फाटली आणि ही कालपासून ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोलत नाहीये. एकदाच तोंड उघडलं, तेही ‘फुकट ते पौष्टिक!’ म्हणायला.

पण उद्या मुंगीची तिरंदाजीची स्पर्धा! रोज सरावाला सोडतो तेव्हा कुंपणापाशी घटकाभर उभा राहतो, तेवढंच. दिवसभर उन्हात उभं राहायला गुडघे आता हो म्हणत नाहीत. उद्या ऐसपैस बसून बघणार.

मुंगी म्हणजे धाकटी. पंधरा वर्षांची, अंगाने एवढीशी. पण चावली की कळतं! पहिल्या चार मुलींना संघात घेणार. संघात गेली की राहणं, शिकणं सगळं तिकडेच. तिने कपाटाच्या दारावर आतून खडूने नुसता ‘४’ काढलाय. मी बघितलाय हे तिला माहीत नाही.

१० जानेवारी, शनिवार

तिसरी आली!! आता उद्या आठ जणींच्या चार जोड्या. जिंकेल ती संघात.

मी अगदी मैदानाभोवतीच्या दोरखंडाला खेटून, तिच्या पाठीमागे खुर्ची टाकली होती. वारा आडवा होता, पण पोरगी खांबासारखी उभी. एकच गोष्ट खटकली. तिने दोरी ओढली की बारीक ‘किर्र’ असा आवाज. दर वेळी! सरावाला हा आवाज कधी ऐकला नव्हता.

शेजारी दातांचे डॉक्टर बसले होते, त्यांचीही मुलगी आठांत आहे. ते म्हणाले, ‘मला नाही बुवा काही ऐकू आलं.’ दिवसभर ते मशीन कानाशी घुंई घुंई करत असतं, त्यांना काय ऐकू येणार! मी मोटार उघडायच्या आधी कान लावतो. तार गुंडाळणारा पोऱ्या होतो तेव्हापासून आजतागायत हा कान चुकलेला नाही. दुकान उभं राहिलं ते ह्या कानावर, तसं सांगितलंसुद्धा त्यांना.

रात्री जेवताना विषय काढला. ही म्हणाली, ‘चाललंय ते चालू द्या ना.’ मुंगी आधी नाहीच म्हणाली. मग धनुष्याकडे बघत बसली. शेवटी स्वतःच पुढे केलं — ‘तुमचा कान म्हणतोय म्हणजे असेल, बाबा.’

धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांचे बोल्ट अर्धा अर्धा फेरा आवळले. हाताला सैल लागले नाहीत, पण कान सांगत होता ना!

११ जानेवारी, रविवार

हरली.

पहिले तिन्ही बाण वर. मधल्या पिवळ्याच्या वर, तांबड्याच्याही वर, निळ्यात. धनुष्य आवळल्याने बाणाला जोर आला होता. तिने नेम खाली घेत घेत बाण आणले पिवळ्यात. बरोबरी केली! मग दोघींना एकेक बाण. हिने माझं मनगट इतकं दाबलं की बोटांचे वळ अजून आहेत.

मुंगीने दोरी अर्धी ओढली. किर्र! अजून होताच. मनात म्हटलं, आवळलं ते बरं केलं, नाहीतर पातं सुटलंच असतं. ती थांबली. दोरी हळूच सैल केली आणि मागे वळून बघितलं. मी हात वर केला. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, जरा खाली कुठेतरी. मग वळली. बाण मारला.

पिवळ्याच्या कडेला, पण तांबड्यात. दुसरीचा आत.

रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, ‘पुढच्या वेळी उभं राहून बघाल, बाबा?’

मागे वळल्यावर बाप उठून दिसायला हवा, आणखी काय! म्हटलं, ‘गुडघे मोडले तरी उभा राहीन.’ तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

१२ जानेवारी, सोमवार

गिऱ्हाइकांनी विचारलं. सांगितलं, हरली, पण माझा कान होता म्हणून धनुष्य तरी वाचलं.

१३ जानेवारी, मंगळवार

पाचवी म्हणून राखीव ठेवलीय. कुणी गळालं तरच. कपाटातला ‘४’ तसाच आहे, पुसलेला नाही.

सरावाला गेलो तर तिचे सर धनुष्य उलटंपालटं करून बघत होते. ‘ह्यात काही दोष नव्हता. बोल्ट कुणी आवळले?’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुंगी म्हणाली, ‘मी.’

बोलणी खाल्ली पोरीने. वाटेत विचारलं, ‘का गं?’ तर म्हणे, ‘जाऊ द्या हो बाबा.’

१५ जानेवारी, गुरुवार

खुर्ची दुकानात आणली. बसल्या बसल्या एका मोटारीला कान लावायला पुढे वाकलो. किर्र. मागे टेकलो, पुन्हा वाकलो. किर्र. अगदी तोच.

मोटारीला अजून वीज जोडलेली नव्हती.