वसंताच्या दोन तारा

११ जाने. ५९, रविवार
वसंताचं पत्र. कलकत्त्याच्या मोटार-शर्यतीत पहिला! अकोल्याच्या गॅरेजात भंगारातून उभी केलेली गाडी, आणि साहेबांच्या कोऱ्या करकरीत गाड्या मागे. धाकटा भाऊ मोठा झाला म्हणायचा. सोबतचा मिस्त्री करीम तिथे ओक्साबोक्शी रडला म्हणे. शाळेत मिरवून घेतलं. हेडबाई : "मोटार हाकण्यात कसला पराक्रम?" बाईंना सायकलसुद्धा येत नाही.

२९ जाने., गुरु.
अकोल्याहून आईची तार. वसंत गेला.
काय लिहू

३० जाने.
जिवंत आहे मेला! आईचं पोस्टकार्ड : "वसंतानं कावळ्याईची जोडी लागलेली पायली, म्हंजे पायणाऱ्याचं मरण. खोट्या बातमीवर कोणी खरं रडलं का मरण टळते. तू रडली न?"
रडले न! शेजारच्यांनी धरून आंघोळ घातली. एवढी शिकलेली मी, आणि हे. संताप संताप झाला. तरी आनंद इतका की वरणात मीठ दोनदा. स्वारी आजच मद्रासला निघाली.

८ फेब्रु., रवि.
पेपरात आहे! मद्रासला कालची शर्यत वसंताने मारली. मोठी शर्यत आज.

९ फेब्रु.
तार. मद्रासहून, करीमची. वसंत गेला.
तेच दोन शब्द. मद्रासलाही कावळे असतातच. आईने करीमला पढवून पाठवलं असेल. पण करीम असलं करील? पोस्टात जाऊन उलट तार केली. उत्तर नाही. आईला कळवू तरी काय?
रडले तर खरं मानल्यासारखं. आणि खोटं असेल, मी रडले नाही, तर...

१० फेब्रु., मंगळ
करीमचं काही नाही. पेपरात शर्यतीचं अक्षर नाही.
सकाळच्या मोटारीने आई आली, हातात पेढे. "पोरगा पयला आला न वं!" मी तार वाचून दाखवली. आधी हसली. "पायले असन पुन्हा कावळे." मग माझ्याकडे बघत राहिली.
"तू रडली न?"
"नाही."
तिने माझे खांदे धरून हलवले. "काहून? रड न वं. लवकर रड."
डोळे कोरडे ठणठणीत. जेवणवेळ टळून गेली. ती अजून तेच म्हणतेय, आणि मी हे लिहीत बसले आहे.