हात एकाचा, तोंड दुसऱ्याचं

बाई,

तुमचा काँप्युटर म्हातारा होऊन गेला नव्हता. तुम्ही सगळ्यांना तेच सांगत राहिलात. तपासणीला साहेब आले तेव्हा साहेबांना, मुख्याध्यापकांना, आम्हा पोरांना, "म्हातारा झाला होता रे, किती दिवस चालणार." तो कशानं गेला ते मला माहीत आहे. तुम्ही जाऊन आता सहा वर्षं होत आली. मी कोईमतूरच्या बाजूला एका कारखान्यात आहे, पाण्याच्या पंपाचे लोखंडी भाग ओततात तिथं. आज सुट्टी. खोलीतले दोघं बाजारला गेलेत आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून मोबाईलवर अंगठ्यानं हे लिहायलोय. सातवी अर्ध्यात सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, मागंपुढं होईल. तुम्ही असता तर लाल पेन काढला नसता. म्हणाला असता, "मोठ्यानं वाच की, कुठं अडतंय ते तुझं तुलाच कळंल."

कुंभारीच्या पुढं अक्कलकोटच्या अंगाला आमचं गाव, आणि तुम्ही जुळे सोलापूरहून स्कूटीवर यायचा, तोंडाला ओढणी गुंडाळून. वर्गात शिरल्यावर ओढणी सोडून आधी काँप्युटरवरचा कपडा काढायचा, मग हजेरी. तो कपडा तुमच्याच जुन्या साडीचा होता, जांभळा, काठ तसाच ठेवलेला. मागं पोट सुटलेला मोठा पडदा, पिवळा पडलेला कीबोर्ड, आणि टेबलाखाली ते युपीएसचं काळं डबडं. सगळ्या वर्गाला मिळून एवढं एकच यंत्र. आमच्या घरात कन्नड. अव्वा कन्नड, अप्पा कन्नड, मेंढरं हाकायची ती पण कन्नडात. शाळेत मात्र मराठी. पुस्तक वाचता यायचं मला, पण कुणी काही विचारलं की जीभ टाळूला चिकटायची. तुम्ही त्याला औषध काढलं होतं. एका बाकावर तिघं. एकाच्या हातात माऊस, एकाच्या पुढ्यात कीबोर्ड, आणि तिसरा नुसता सांगणारा. ज्याचा हात यंत्राला लागलाय त्यानं तोंड उघडायचं नाही, आणि जो बोलतोय त्यानं हात मागं बांधायचे. "हात एकाचा, तोंड दुसऱ्याचं," असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, ते कधी पुसलं गेलं नाही.

मला अजून ते ऐकू येतं. मी सांगणारा आहे, हात मागं, आणि मुंगी अंगावर चढल्यासारखी तडफड होतेय.

"वर घे. अजून वर. न्हाय रं, तितं न्हाय, त्या डब्याच्या बाजूला!"

माऊसवाला तोंड उघडू शकत नाही, तो नुसता खांदे उडवतो. पडद्यावर दहा डबे आहेत.

"आंदळा हायस का रं!"

तुम्ही मागून येता. "आंधळा म्हणू नको. उजवीकडून तिसरा म्हण. शिवी देणं सोपं असतं बाबा, पत्ता सांगणं अवघड."

उजवीकडून तिसरा. त्याच्या खालचा. आता लिही, आमच्या काळ्या मेंढीला दोन पिल्लं झाली. असं करत करत मराठीत माझी जीभ सुटली, बाई. पाठ करून नव्हे, दुसऱ्याचा हात हलवायचा होता म्हणून. आणि तुम्ही कन्नडाला कधी गप्प बस म्हणाला नाहीत. मधेच थांबवून विचारायचा, "ह्याला तुमच्यात काय म्हणतात?" मी म्हणायचो, कुरी. मग काँप्युटरमध्ये एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला कुरी. ती यादी मोठी होत चालली होती. पोरांनी सांगितलेल्या गोष्टी पण तुम्ही त्यातच साठवल्या होत्या, सहा वर्षांच्या. छापून त्यांचं पुस्तक करायचं म्हणायचा, म्हणजे पुढच्या वर्षी कन्नड घरातून पहिलीला येणाऱ्या पोराला त्याच्याच गावातली गोष्ट वाचायला मिळंल.

लाईट गेली की तर मजाच. आमच्याकडं अकराच्या सुमाराला जायचीच. पंखा थांबायचा, आणि टेबलाखालचं डबडं टी टी करायला लागायचं. तेवढ्या बॅटरीवर काँप्युटर दहा-बारा मिनिटं चालायचा. तेवढ्यात सगळ्या वर्गानं मिळून एक गोष्ट संपवायची, प्रत्येकानं एकच वाक्य. जो अडला तो बाद. एकदा त्या गोष्टीत लांडगा आला, लांडग्याला मुख्याध्यापकांनी हजेरीला उभं केलं आणि डबडं बंद पडायच्या आत लांडगा नापास झाला. तुम्ही खुर्चीत बसून डोळ्याला ओढणी लावून हसत होता. दुसऱ्या शाळेतली पोरं लाईट यावी म्हणून वाट बघायची, आम्ही जावी म्हणून.

मग मोठ्या भावानं मोबाईल आणला. ते दिवसच तसे होते, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल यायला लागला होता. दिवाळीनंतर आमची मेंढरं दुसऱ्यांच्या रानात बसायला जातात. शेतकऱ्याला लेंडीचं खत मिळतं, आम्हाला धान्य. त्या वर्षी वाडा, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी आणि आमचं बिऱ्हाड, गावापासून तीन कोसावर होता. तिथून मी शाळेला यायचो, कधी चालत, कधी दुधाच्या गाडीवर. रानात लाईट नाही. मोबाईल चार्ज करायला गावात जायचं आणि पिठाच्या गिरणीत लावून तासभर बसायचं. मला त्या मोबाईलचं वेड लागलं होतं. त्यात एक बाई इंग्रजी शिकवायची. तीस दिवसांत फाडफाड, असं ती म्हणायची. ती मला कधी थांबवायची नाही, हात मागं बांध म्हणायची नाही, चुकलं तरी पुन्हा तेवढंच गोड बोलायची. मला वाटलं, बास, आता ह्या एका काँप्युटरसमोर तिघांनी रांग लावायची काय गरज? हे माझ्या एकट्याचं आहे. फक्त चार्जिंगचं जमवायला पाहिजे.

तुमच्या डबड्यातली बॅटरी मी काढली. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत कागद भरत होता. माझ्या पिशवीत लोकर कातरायची कातर होती, धार लावून आणलेली. तिच्या टोकानं चार स्क्रू काढले, बॅटरी पिशवीत घातली, स्क्रू परत बसवले. विटेएवढी होती, पण जड. वाड्यावर नेऊन वायर जोडली तेव्हा अव्वानं विचारलं, कुठून आणलीस? म्हणालो, शाळेत टाकून दिली होती.

सोमवारी अकरा वाजता लाईट गेली आणि पडदा एकदम काळा झाला. डबडं गप्प. पोरं ओरडली. तुम्ही म्हणालात, असू दे, परत लिहू. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी लाईट आली पण काँप्युटर उठला नाही. सोलापूरहून दुरुस्तीवाला आला मोटारसायकलवर. आधी त्यानं काँप्युटर उघडला आणि म्हणाला, झटका बसून बसून आतली डिस्क गेली, ह्यातलं काही परत मिळणार नाही. मग त्यानं डबडं उघडलं. मी पहिल्याच बाकावर होतो.

"बॅटरीच न्हाय की बाई ह्यात!" तो म्हणाला. मग बोटाच्या चिमटीत काहीतरी धरून वर केलं. "आणि ही लोकर कशी काय आली आत? काळी हाय."

कातरीला चिकटलेली लोकर, बाई. आमच्या काळ्या मेंढीची. सगळ्या वर्गात मेंढरं फक्त आमच्याच घरात.

तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "मीच काढली ती बॅटरी. फुगली होती. लोकरीचं काय, खेडेगावची शाळा आहे, वाऱ्यानं पण येते." आणि ती लोकर त्याच्या हातातून घेऊन ओढणीला हात पुसल्यासारखं केलंत. मग काँप्युटरवर कपडा घातलात. काठ सरळ आला नव्हता, तो सरळ केलात.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत आलो नाही.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही वाड्यावर आलात. स्कूटी बांधावर लावून ढेकळातून चालत, चपला हातात. कुत्री अंगावर धावली, तुम्ही "निल्लु, निल्लु" म्हणून त्यांना थांबवलंत. तो शब्द माझ्याकडूनच घेतला होता तुम्ही. अव्वाला नमस्कार केलात आणि ओढणीच्या गाठीतून चिठ्ठी काढून कन्नडात वाचलंत, "निम्म मगा साळिगे बरली." तुमचा मुलगा शाळेला येऊ दे. अव्वा आधी तोंडाला हात लावून हसली आणि मग रडली. तिच्याशी शाळेतलं कुणी कन्नडात बोलेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं तुम्हाला चहा केला, मेंढीच्या दुधाचा. तुम्ही बसलात त्याच्या हातभर पलीकडं बॅटरी होती, वायर लावलेली, वर मोबाईल. मी धावत जाऊन तिच्यावर गोणपाट टाकलं. घाईत अर्धंच पडलं.

तुम्ही विचारलंत, "मोबाईलवर काय शिकतोस?"

मी म्हणालो, "इंग्रजी. ह्यात सगळं येतंय बाई. तुमच्या काँप्युटरवानी तिघांची भांडणं न्हाईत ह्यात."

"चांगलं आहे की," तुम्ही म्हणालात. "पण तू आला नाहीस तर तो विचारतो का रे, का आला नाहीस म्हणून?"

तुम्ही चहा संपवलात, कप धुवायला अव्वानं घेतला. उठताना तुम्ही खाली वाकलात आणि ते गोणपाट ओढून बॅटरी पुरी झाकलीत. पावसाला धान्याचं पोतं झाकावं तसं, चारी कोपरे बघून. "सोमवारी ये," म्हणालात, आणि चपला हातात घेऊन गेलात.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. शाळेत दुसरा काँप्युटर आला नाही. सगळं मोबाईलवर आलं, धडे मोबाईलवर, कविता मोबाईलवर. एकदा सोलापूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही भेटलात, मी तेव्हा टेंभुर्णीला एका धाब्यावर कामाला होतो. मी विचारलं, कसं चाललंय. तुम्ही म्हणालात, "वर्ग लई शांत झालाय रे. एकेक जण एकेका कोपऱ्यात कानात वायर घालून बसतो. मुख्याध्यापक खूश आहेत." मी तेव्हासुद्धा सांगू शकलो असतो. एसटी लागलीय म्हणून पळालो, आणि ती माझी एसटी नव्हती. तुम्ही गेल्याचं मला गावच्या ग्रुपवर कळलं. शेपन्नास जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मी पण टाकलं आणि खाली आलेला व्हिडिओ बघायला लागलो.

हितं आल्यावर मी तमिळ पण मोबाईलवरच शिकलो. रोज न चुकता. हे सफरचंद आहे, ती मुलगी पाणी पिते, सगळं बरोबर, दर वेळी हिरवी खूण. आणि कारखान्यात पहिल्या महिन्यात वितळलेल्या लोखंडाची बादली डोक्यावरून येत होती आणि क्रेनवाला ओरडला, तळ्ळी निल्लु! ह्यातलं मोबाईलनं काही शिकवलं नव्हतं. पण निल्लु म्हणजे थांब, ते आमच्या कन्नडात पण तेच. पाय जागच्या जागी थांबले. थेंब बुटाच्या पुढं पडला. तेव्हा मला अव्वाची कुत्री दिसली, आणि चपला हातात घेतलेल्या तुम्ही.

मोबाईलला मी नावं ठेवत नाही, बाई. अव्वाचं तोंड मला त्यातच दिसतं. पण आता जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एकाच मोबाईलवर बसतो, मी, ओडिशाचा एक पोरगा आणि तो क्रेनवाला. एकाचा हात, दुसऱ्याचं तोंड, तिसरा हसायला. क्रेनवाल्यानं विचारलं, हा खेळ कुठला? मी म्हणालो, आमच्या शाळेतला. शाळा किती झाली विचारलं तर नेहमीचंच सांगितलं, मेंढरांमागं जावं लागायचं, म्हणून सुटली.

सगळ्यांना हेच सांगत आलोय. अव्वालासुद्धा. ते खरं नाही. मेंढरं भाऊ बघत होता आणि सोमवारी दुधाची गाडी थांबली होती माझ्यासाठी. त्या लोकरीमुळं तुम्हाला कळलंय हे मला कळलं होतं. तुम्ही मारलं असतं, वर्गासमोर उभं केलं असतं तर मी आलो असतो. तुम्ही गोणपाट झाकलंत, त्यानंतर मला तुमच्या समोर बसायचा धीर झाला नाही.

तुमचा नंबर अजून माझ्याकडं आहे. तिथं आता मोटारसायकलवर बसलेल्या कुणा अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. पाठवायला कुणी नाही, म्हणून तुम्ही सांगायचा तसं मोठ्यानं वाचून बघितलं. बॅटरी मी काढली, हितं अडलो.