नऊ मार्चचं पान

मुरमान्स्क, २० एप्रिल

प्रिय बाबा,

तुमची तब्येत, मेंढ्या, सगळं बरं असेल असं धरून लिहिते. मी ठीक आहे. बोटं बधिर होतात, पण मासळीच्या कारखान्यात सगळ्यांचीच होतात.

परवा आईच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं असेल. कणकेचे बोरसोक कोणी तळले?

शेजारचा बेक्तुर फोनवर सांगत होता, तुमचं कॅलेंडर अजून नऊ मार्चवरच आहे, आई गेल्यापासून तुम्ही पान फाडलेलंच नाही. इथल्या भिंतीवरही तेच कॅलेंडर आहे. आजच्या पानावर लिहिलंय, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. असोत.

नऊ मार्चच्या पानावरचा विनोद मी त्या दिवशी सकाळी सगळ्यांना वाचून दाखवला होता. बायको म्हणते, "तुम्ही माझं कधी ऐकतच नाही." नवरा म्हणतो, "चालेल, थोडी साखर घाल." मी इतकी हसले की मुकादमीण ओरडली, "दात काय दाखवतेस, मासे काप!" संध्याकाळी तुमचा फोन आला. तेव्हापासून हसू नाही, रडूही नाही.

बाबा, हे पत्र मिळालं की चहाच्या वेळी ते पान फाडून मोठ्याने वाचा. पण नेहमीसारखी त्या दिवशी कोण जन्मलं, कोण मेलं या इतिहासापासून सुरुवात करू नका. आई काय म्हणायची, आठवतंय ना? "अहो, मेलेल्यांचं नंतर. आधी विनोद."

तुमची,
बुरुल