पत्त्यावरचा माणूस

मु. पो. दिंद्रुड, ता. माजलगाव
मंगळवार, १९ जानेवारी १९९९

तुझे तीन फोटो या पाकिटात परत पाठवत हाय, मोजून घे. मी तीन पत्रं लिहिली. एकेकाला चार-चार दिवस लागले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर अक्षर काढलं. तिन्ही वेळा काय आलं? काळा चष्मा लावलेला, तोंड वाकडं केलेला तुझा फोटो. खाली छापलेलं, 'माझ्या लाडक्या चाहत्यास, किंग केदार.' मी तुझी चाहती कधीपासून झाले? तुझं ढुंगण धुतलंय मी. चाहत्यानं असली कामं करायची असतात का, विचार तुझ्या सेक्रेटरीला.

आता आशीर्वाद. चि. केदारनाथ, औक्षवंत हो. इकडं बरं हाय. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या मृत्युंजयकाकाचं दुकान जोरात हाय, पाटी बदलून 'किंग केदार किराणा' केलीय. रुद्राणीकाकूचे गुडघे दुखतात. त्यांच्या रुचिकाला आता लांबलांबून स्थळं येतात, तुझ्या नावानं. तुझी खुशाली विचारत न्हाई. तू सुग्रीवच्या केबलवर रोज संध्याकाळी दिसतोस. वाळला हायेस. टोपी सरळ घालत जा.

तुझं गाणं मी पहिल्यांदा माजलगावच्या स्टँडवर ऐकलं. जीप भरायची वाट बघत बसले होते आणि ड्रायव्हरनं कॅसेट लावली. 'खातंय किती, लोळतंय किती, कामाचं नाव काढलं की दुखतंय किती.' जीपमधल्या बाया हसून लोळल्या. मी न्हाई हसले. दुकानाची फळी उघडायची सोडून तू अंथरुणात पडलेला असायचास तेव्हा मी हेच बोलायची, याच ठेक्यात. आणि तू गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवून मला चिडवायचास. सुराचा पत्ता न्हाई, नुसती तोंडाची टकळी. याला म्हणे रॅप म्हणतात. आमी याला शिव्या म्हणतो. मी चाळीस वर्षं गावाला फुकट दिल्या, तू त्याची कॅसेट काढलीस. मग टीव्हीवर बक्षिसं वाटायला लागलास, मग सीरियल, मग सिनेमातला हिरो. सगळीकडं माझीच जीभ चालली. बरं वाटलं. कुणाला सांगितलं न्हाई.

मग ती मुलाखत. सुग्रीवनं दुकानाबाहेर टीव्ही मांडला, मला सगळ्यांच्या पुढं खुर्ची दिली, तुझी आजी म्हणून. टीव्हीतल्या बाईनं तुला विचारलं, ही असली भाषा कुठून आणली. तू चष्मा काढलास. म्हणालास, 'माझ्या आजीची हाय. ती गेली. मला शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं न्हाई.' ती बाई रडली. इकडं शंभर माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. माझ्या ओटीत शेंगा होत्या, त्या सोलत राहिले. दुसरं काय करणार होते?

घरी आल्यावर काका म्हणाला, कंपनीचं असतं ते, असं सांगावं लागतं, त्यानं माणूस मोठा होतो, आपण मधी पडायचं न्हाई. गावालाही त्यानं हेच सांगितलं. तू महादेवाच्या देवळाला सभामंडप बांधून देणार, म्हणून गावानंही तोंडं शिवली.

तेव्हापासून मी घरात जिवंत आणि बाहेर मयत. माजलगाव, परळी, अंबाजोगाईहून पोरं तुझं घर बघायला येतात. दुकानाच्या ओट्यावर माझी बसायची जागा होती, लगीन होऊन आले तेव्हापासूनची. तिथं आता माझा फोटो लावलाय, चंदनाचा हार घालून. परक्या पोरी त्याच्या पाया पडतात. मला मागच्या खोलीत ठेवलंय, पेंडीची पोती असायची ती. खोकला आला तर तोंडात पदर धरायचा. टेलिफोन घेतलाय नवा, पण तो दुकानात हाय, आणि दुकानात मी फोटोत हाय.

तुझ्या सिनेमाला मला नेलं न्हाई. रुचिकानं सांगितलं की त्यात हिरोची आजी मरते आणि तू तिला अग्नी देतोस. आपल्यात जाळतात का रे? आपल्यात माणसाला हातात लिंग देऊन मातीत बसवतात. जीपच्या अपघातात तुझे आईबाप गेले तेव्हा दोघांना बसवताना तू माझं बोट धरून उभा होतास. चार वर्षांचा होतास, पण विचारत होतास की आई बसून कंटाळणार न्हाई का. ते विसरलास, असं वाटून मला लई राग आला होता.

पावसाळ्यात एक पेपरवाला आलता. मागच्या दारानं पाणी मागायला आला आणि मी सापडले. आपण कोण, म्हणाला. मी म्हणाले, रुद्राणीच्या माहेरची. मग वही काढून विचारतो कसा, किंग केदारची आजी कशी होती हो? आता बघ. माझ्याच घरात, माझ्याच तोंडाला विचारतोय. मी म्हणाले, 'कजाग होती. जीभ लई वाईट. पण पोराला कधी उपाशी झोपवलं न्हाई.' त्यानं लिहून घेतलं आणि छापलंसुद्धा. कात्रण उशाखाली हाय. मेल्यावर कोण काय म्हणेल याची मला काळजी उरली न्हाई, मीच म्हणून ठेवलंय.

इथवर लिहून दोन दिवस थांबले. शाई संपली म्हणून न्हाई.

एक तारखेला काकानं सांगितलं की शिवरात्रीला टीव्हीवाले येणार, केदार आजीच्या समाधीला फूल वाहणार, त्याचं शूटिंग. मी विचारलं, कुठली समाधी? चार दिवसांनी धुळाजी पाथरवट शेतात चौथरा बांधायला लागला. तुला माहीत हाय आपली जागा, विहिरीजवळची. तुझ्या आजोबांची समाधी, आणि शेजारी मी माझ्यासाठी ठेवलेली मोकळी माती. त्याच मातीवर चौथरा उभा राहिला. आत कुणी न्हाई.

मी काकाला विचारलं, मी खरीच मेले तर कुठं बसवणार? त्या जागी तर मी आधीच बसले हाय. आणि कळवणार कुणाला, विधीला स्वामींना बोलावणार काय सांगून? गुपचूप पुरणार का मला, मांजर पुरतात तसं? तो पोती मोजायला लागला. केदार, मला मरायची भीती न्हाई, पण आता मरायचीसुद्धा सोय राहिली न्हाई.

मग धुळाजी दगड घेऊन मागच्या दाराला आला. काका माल आणायला मोंढ्यात गेलता. दगडावर नाव झालं होतं, 'लिं. महानंदा मन्मथप्पा', आजोबांच्या नावाआधी हाय तसं लिंगैक्याचं 'लिं.' बरोबर घातलेलं. खाली जागा मोकळी. धुळाजी मान खाली घालून म्हणाला, 'आजी, तारीख काय टाकू? विचारायला दुसरं कुणी न्हाई.'

मला हसू आलं आणि रागही आला. रागात मी म्हणाले, टाक, कार्तिकी पौर्णिमा, ब्याण्णव.

त्यानं टाकली.

ही तारीख कुठली ते तुला सांगायला नको. कपिलधारची यात्रा करून आपण मांजरसुंब्याला उतरलो होतो. ढाब्यापुढं ट्रक उभा होता, ड्रायव्हर तुला मुंबईला न्यायला तयार. तू एकोणीस वर्षांचा. म्हणालास, आजी, सहा महिने, जमलं न्हाई तर परत येतो. मी म्हणाले, 'जा. पण आजपासून तुझी आजी मेली. मागं वळून बघायचं न्हाई.' जन्मात कधी माझं ऐकलं न्हाईस, नेमकं तेवढं ऐकलंस. शिदोरी माझ्याच हातात राहिली. घरी येऊन म्हशीला घातली.

मला वाटायचं, माझं तेच बोलणं धरून तू टीव्हीवर माझा सूड घेतोयस. सूड घेणारा माणूस मला कळतो, मीही तशीच हाय. म्हणून तीन पत्रांत तुला नुसत्या शिव्या लिहिल्या.

पण परवा दुपारी तुझा फोन आला. काकानं घेतला, रुचिका शेजारी डाळ निवडत होती. तुझा आवाज बाहेर ऐकू येतो, लहानपणापासूनच. तू म्हणालास, 'काका, आजीला कुठं बसवलं ते तुमी मला कधी सांगितलं न्हाई. कॅमेरावाले दुपारी येतील. मला त्याआधी तिथं एकट्याला बसायचंय.' रुचिकानं येऊन मला शब्दाला शब्द सांगितलं.

नाटक करणारा माणूस एकट्याला बसायचंय म्हणत न्हाई. कुठं जाळलं असंही तू विचारलं न्हाईस, कुठं बसवलं असं विचारलंस. म्हणजे तू काही विसरला न्हाईस. आणि तू खोटंही बोलत न्हाईस. तुला खरंच वाटतंय मी गेले.

कशानं वाटतंय, ते मला ठाऊक हाय. हेच लिहायचं होतं आणि म्हैस, टोपी, सिनेमा करत बसले.

तू गेल्यावर पहिल्या वर्षी तुझी तीन पत्रं आली. दोन मी न वाचता चुलीत घातली. तिसरं आलं तेव्हा उंबऱ्यात बसले होते. रामहरी पोस्टमननं हातात दिलं, मी म्हणाले परत पाठव. तो म्हणाला, कारण लिहावं लागतं आजी, घेत न्हाईत लिहू का गाव सोडून गेले लिहू? मी म्हणाले, 'पत्त्यावरचा माणूस मयत, असं लिही.' तो हसला. मी न्हाई हसले. मग त्यानं लाल पेनानं लिहिलं, माझ्यासमोर.

मला वाटलं, ते वाचून तुझं डोकं फिरेल. तू मिळेल त्या गाडीनं भांडायला येशील. तू भांडायला यावास म्हणून केलं मी ते. महिनाभर रोज दुपारच्या एसटीच्या वेळेला ओट्यावर बसले होते. तू आला न्हाईस. मग मीही म्हणाले, बरं.

तू तिकडं ते खरं मानून एकटा बसला असशील, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. माझ्यासारखी बाई मयत कशी होईल, कुणीही हसेल, असं वाटलं मला.

काल काकाला धरलं. तो म्हणतो, पुढच्या साली तुझा फोन आला आणि तूच रडत म्हणालास की आजी गेली ते कळवलं का न्हाई. तो नुसता गप्प बसला म्हणे. मी म्हणाले, सहा वर्षं गप्प? तर म्हणतो, 'आई, त्याचं नाव काढलं की तू जेवणावरून उठून जायचीस. कुठल्या तोंडानं सांगू त्याला?' नंतर गप्प बसणं सोयीचं झालं, हे तो म्हणाला न्हाई, मी म्हणते. त्याला लई बोलू नको. सुरुवात त्यानं केली न्हाई.

आता मी दोन्हीकडून धरली गेले. शिवरात्रीला मी बाहेर येऊन उभी राहिले तर कॅमेऱ्यापुढं तू खोटा ठरशील, सगळा मुलूख हसेल. खोलीत बसून राहिले तर तू त्या दगडापुढं जाशील आणि तारीख वाचशील. ट्रक सुटला त्याच दिवशी आजी गेली, असं तुला वाटेल. ते घेऊन तू आयुष्यभर फिरशील. मी धुळाजीला म्हणाले, तारीख पूस. तो म्हणतो, दगडातलं अक्षर पुसत न्हाई, दगड बदलावा लागतो. काका बदलू देत न्हाई. आणि त्या दिवशी माझ्या खोलीला बाहेरून कडी लागणार, हे मला कुणी सांगितलं न्हाई, पण परवा नवीन कडी बसवलीय.

हे पत्र टपालात टाकलं तर चौथा फोटो येईल. म्हणून रुचिकाकडं देते. शनिवारी ती बापाबरोबर मुंबईला तुझ्याकडं येतेय, तुझ्याच हातात देईल. बापाच्या चोरून करतेय. तिला कुणी रागावलं तर मधी पड.

माफी मागायची मला सवय न्हाई, या वयात लावून घेत न्हाई. चुलीत घातलेल्या दोन पत्रांत काय होतं ते मात्र सांग. सहा वर्षं विचार करतेय.

शिवरात्रीच्या आधी ये. कॅमेरा नको, गाडी नको. मागचं दार तुला ठाऊक हाय. कडी लागली असेल तर ती बाहेरून हाय, तुलाच काढावी लागेल. भांडण राहिलंय आपलं, वेळ काढून ये.

पण आधी दोन ओळी लिही, म्हणजे पत्र पोचलं हे मला कळेल. पाकिटावर माझं नाव पूर्ण घाल. रामहरी अजून हाय. त्याला सांगून ठेवलंय की या खेपेला पाकिटावर काही लिहायचं न्हाई, मागच्या दारानं येऊन माझ्या हातात द्यायचं.

तुझी आजी
महानंदा मन्मथप्पा
पत्त्यावर हजर

उत्तर काकाकडून नको, सेक्रेटरीकडून नको, फोटो तर मुळीच नको. तू लिहायचंस, तुझ्या हातानं.