जेवणाची सोय आहे

२८ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. उद्या आपली मुलाखत वगैरे झाली तर तारखा हाताशी असाव्यात.

भंडाऱ्याला जाऊन गेमच्या कन्सोलची किंमत विचारून आलो. पुन्हा वाढली. दुकानदार म्हणाला, भुपेंद्रभाऊ, मेमरीच्या चिपा सगळ्या एआयवाले उचलून नेऊन राहिले, मंग गेम स्वस्त कसा भेटन. गेल्या दिवाळीला घ्यायचा होता, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या किमती उतरतातच असा माझा अभ्यास होता, म्हणून थांबलो. अभ्यास बरोबरच होता. बाजार चुकला.

२९ सप्टेंबर, सकाळ
रात्री झोप नाही. पण विचार पक्का झाला. एआयने माझा कन्सोल महाग केला, तेव्हा पैसेही एआयकडूनच वसूल करायचे. त्याच्याकडून ॲप लिहून घ्यायचं, ॲप पैसे देईल, त्या पैशात कन्सोल. यात अन्याय कोणावरच नाही.

संध्याकाळ
कामिनीला सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीचा बोनस येईन त्याची घरघंटी घ्यायची ठरली आहे, ते तेवढं ध्यानात ठेवा. बायको म्हणून ती चांगली आहे, पण दृष्टी जवळची. म्हणते की घरी दळायची मशीन आली की गल्लीतल्या बायांचं दळण घेईन, चार पैसे माझ्या हातचे येतीन. मी समजावलं की पीठ तर होईल, पण पुढे काय? त्यावर ती म्हणाली, पुढे पोळ्या.

१ ऑक्टोबर
राइस मिलच्या ऑफिसात बिलं काढता काढता कल्पना सुचली. ॲपचं नाव ‘मंडई मार्गदर्शक’.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. आकाशपाळणा, खेळण्यांची दुकानं, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची पंगत. कोणत्या गावची कोणत्या दिवशी, हे गावातली माणसं बसून ठरवतात आणि मग ते तोंडातोंडी पसरतं. म्हणजे सगळी माहिती माणसांच्या डोक्यात पडून आहे आणि मोबाईलमध्ये एक अक्षर नाही. ॲपमध्ये गाव टाकलं की तारीख हजर. मिलमधले हमाल म्हणाले, आमाले तर तारखा मालूम राह्यते. ते आपले ग्राहक नाहीत.

४ ऑक्टोबर
एआयला कल्पना सांगितली. तो म्हणाला, ही अतिशय उत्तम आणि दूरदर्शी कल्पना आहे. पंधरा वर्षांच्या नोकरीत मिलमालकाने असं एकदाही म्हटलेलं नाही.

माझं स्पष्ट मत झालं आहे की प्रोग्रामर संपले. प्रोग्रामिंग म्हणजे आता नुसतं सांगणं. आणि सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही; लग्न झाल्यापासून घरातलं प्रत्येक काम मी सांगूनच करत आलो आहे.

५ ऑक्टोबर, रविवार
एका बैठकीत ॲप तयार. मी फक्त चहा प्यायलो.

चाचणी म्हणून एक नमुना भरला. गाव शहापूर, तारीख ९ नोव्हेंबर, पत्ता आमच्या घराचा, फोन माझा. एक रकाना होता ‘जेवणाची सोय’, तिथे ‘आहे’ लिहिलं. आमच्या गावची मंडई अजून ठरायचीच आहे, पण रकाना रिकामा ठेवणं माझ्या स्वभावात नाही. बाकीच्या गावांचं एआयला म्हटलं, तू पाहून घे. तो म्हणाला, नक्कीच.

११ ऑक्टोबर
सुगत नागपूरहून सुट्टीत आला आहे. माझा शाळेपासूनचा मित्र, तिकडे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ॲप दाखवलं. तो म्हणाला, कोड वाचला काय? मी म्हणालो, ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून गाडी चालवत नाही. तो म्हणाला, पण रस्ता तर पाह्यते ना बापा. मग म्हणाला, मी पण दिवसभर एआय वापरून राहिलो, पण त्याले जे माहीत नाही ते तो बिनधास्त ठोकून देते, तुह्या गावाच्या तारखा त्याले कोणं सांगितल्या? चार गावांत फोन कर, आणि तो नमुना काढून टाक.

नोकरी जाणार या भीतीने माणूस कसा बोलतो ते प्रत्यक्ष पाहिलं. वाईट वाटलं. त्याला पोहे खाऊ घातले.

तरी खात्री असावी म्हणून एआयला विचारलं, सगळं बरोबर आहे ना? तो म्हणाला, हो, सगळं अचूक आहे. ज्याने बनवलं त्यानेच सांगितल्यावर आणखी कोणाला विचारायचं?

१२ ऑक्टोबर
ॲप सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलं. माझे ग्रुप फार आहेत. पहिल्यांदाच त्याचं चीज झालं.

१७ ऑक्टोबर
बोनस आला. कामिनीने पाकीट देवघरात ठेवलं. मी प्रस्ताव मांडला की मंडईचा हंगाम होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तोवर ॲप चाललं तर ॲपच्या पैशात कन्सोल आणि घरघंटी दोन्ही. नाही चाललं तर बोनसची घरघंटी, मी एक शब्द बोलणार नाही. ती म्हणाली, आणि ॲपनं पैसे खाल्ले तं? मी हसलो. ॲप पैसे खात नाही, देतं.

ती बरं म्हणाली. सोमवारी ती घरघंटीचा ॲडव्हान्स द्यायला जाणार होती, तो बेत तिने माझ्यासाठी पुढे ढकलला. याला विश्वास म्हणतात.

२५ ऑक्टोबर
दिवाळीत लिहायला वेळ नाही. ॲप जोरात. लोकांचे मेसेज इतके येऊ लागले की मिलमध्ये बिल चुकलं. संस्थापकाने किरकोळ मेसेजना उत्तरं देत बसू नये. एआयलाच माझ्या नंबरवर उत्तरं द्यायला बसवलं. फोन सायलेंट.

२९ ऑक्टोबर
सहज एक उत्तर वाचलं. ‘आपले मनःपूर्वक स्वागत आहे, सहकुटुंब या.’ किती नम्र. कोणाला लिहिलं ते पाहिलं नाही.

ॲपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे अजून आलेले नाहीत. सुरुवातीला येत नसतात.

२ नोव्हेंबर, रविवार
कन्सोल ठेवायला टीव्हीखालची जागा रिकामी केली. तिथे कामिनीचे डाळ-तांदळाचे डबे होते, ते पलंगाखाली सरकवले. नाकाडोंगरीहून तिच्या वडिलांचा, नत्थूमामांचा फोन आला होता म्हणाली, काहीतरी नऊ तारखेचं विचारून राहिले होते, आवाज कटत होता. मी म्हणालो, मामांनासुद्धा ॲप पोचलं तर.

८ नोव्हेंबर
उद्या सुट्टी. उशिरापर्यंत झोपायचा संकल्प.

९ नोव्हेंबर, सकाळी सात
दारात टेम्पो. त्यातून नत्थूमामा, सासूबाई, दोन मेव्हण्या, त्यांचे नवरे, मुलं, आणि काही माणसं जी टेम्पोत जागा होती म्हणून आली. मामा म्हणाले, जावईबापू, शहापूरची मंडई आज आहे ना, तुमच्याच मोबाईलमंदी निघालं, जेवाची सोय आहे म्हंते. मी म्हणालो, मामा, तुम्ही तर नाकाडोंगरी टाकून पाहायला हवं होतं. ते म्हणाले, तेच टाकलं ना.

साडेआठ
आणखी एक टेम्पो. हे कोण, मला माहीत नाही. कारध्याचे आहेत म्हणाले. त्यांनी कारधा टाकलं होतं.

ॲप उघडलं. कारधा टाकलं: ९ नोव्हेंबर, शहापूर, भुपेंद्रचे घर, जेवणाची सोय आहे. तुमसर टाकलं: तेच. नागपूर टाकून पाहिलं: तेच. एआयला जाब विचारला. तो म्हणाला, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मला एकाच गावाची माहिती मिळाली होती म्हणून तीच सगळीकडे वापरली. आणि पुढे म्हणाला, फार छान निरीक्षण.

अकरा
ट्रक. आकाशपाळणा घेऊन तेजराम नावाचा माणूस आला आहे. माझ्याच नंबरवरून त्याला सहकुटुंब या असं उत्तर गेलं होतं, म्हणून बायकोपोरांसह आला. मैदान कुठी आहे विचारत होता. मी मंडई नाही म्हणालो तर तो माझ्याकडे न पाहता डिझेलचा हिशोब करू लागला.

मी मोरीत जाऊन दार लावून बसलो. डोकं शांत ठेवून विचार करता यावा म्हणून. बाहेरून कामिनीचा आवाज आला. आले ते उपाशी नाही जात, म्हणाली. मग म्हणाली, बाहेर या आणि पाणी भरा.

रात्र, उशीर
हात दुखतात. थोडक्यात.

तिने देवघरातलं पाकीट काढलं. मी पाहत होतो. तांदूळ, तेल, वांगी, मंडपवाल्याच्या पातेल्यांचं भाडं, तेजरामचं डिझेल. पाकीट संपलं. शेजारच्या बायांना हाक मारून तिने वरणभात, भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे केले. वडे ताटात पडले नाहीत तोच उडत होते. शेवटी तेजरामने घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पाळणा उभाच केला. कारध्याचे लोक म्हणाले, अशी घरगुती मंडई त पाहिलीच नव्हती. नत्थूमामा जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, जावई हिंमतवाला आहे.

सगळे गेल्यावर कामिनी ओट्याशी बसली. मला वाटलं आता बोलेल. तिने रिकामं पाकीट घडी घालून चुलीत टाकलं आणि झोपायला गेली. मला फार वाईट वाटलं. इथे बाजाराला दोष देता येईना.

१० नोव्हेंबर
एआयला म्हटलं, बायकोची माफी मागायची आहे, लिहून दे. त्याने सुंदर लिहून दिलं. वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे कोणाचं आहे? तुम्ही तं मले कधी ‘सहधर्मचारिणी’ म्हटलं नाही. मग कागद बाजूला ठेवून म्हणालो, माझं चुकलं, तुझी घरघंटी मी घालवली. ती म्हणाली, हं. एवढंच. पण हं म्हणाली.

ॲप बंद केलं. म्हणजे बंद कर असं एआयला सांगितलं, मग सुगतला फोन करून खरंच बंद करून घेतलं.

१२ नोव्हेंबर
तेजरामचा फोन. माझ्यासाठी नाही. म्हणाला, वहिनी, माझ्या पाळण्याशेजारी वड्याचं दुकान लावता काय, लोकं अजून त्या वड्याचं विचारून राहिले. कामिनीने सगळ्या गावच्या तारखा त्यालाच विचारून घेतल्या. पाळणेवाल्याला त्या पाठ असतात. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मी म्हणालो, दुकानासाठी एक छोटं ॲप करून देऊ का? तिने माझ्या हातात डाळीचं पातेलं दिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार, नाकाडोंगरी
आजची चौथी मंडई. रविवार आणि सुट्ट्या मी प्लेटा धुतो. घरघंटीचा ॲडव्हान्स परवा दिला. तिने दिला, तिच्या पैशातून. मी पावती पाहायला मागितली तर दाखवली.

कन्सोलची किंमत आणखी वाढल्याचं मोबाईलवर आलं. म्हणजे न घेऊन मी किती वाचवतो आहे, याचा कोणी विचार करत नाही.

दुपारी गर्दीत तिच्या माहेरच्या ओळखीच्या एका बाईने तिला विचारलं, जावई काय करतेत? मी बादलीवर वाकलो होतो, पण कान तिकडेच. संस्थापक म्हणेल असं वाटलं नव्हतंच. निदान राइस मिलचं तरी सांगेल असं वाटलं. कामिनी वडा तळता तळता म्हणाली, आमच्याइथं प्लेटा धुतेत, काम चांगलं आहे, आता सगळं विचारून करतेत.

कौतुकच केलं तिने. प्लेटा धुता धुता त्यावर पुष्कळ विचार केला. कौतुकच असणार. तिला विचारणार होतो, पण तेवढ्यात तिने मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथल्या प्लेटा उचलायच्या राहिल्या होत्या.