डबीतलं जिरं-गूळ

अम्मा,

घरात मी तुला अम्मा म्हणायचे आणि दारात कुणी आलं की आई. तू दोन्हींना ओ द्यायचीस. काल तुझ्या नातीचं लग्न झालं. बाहेर मांडववाले बांबू सोडताहेत, माझे पाय सुजलेत, आता कुठे जरा बसले आहे.

आपल्या तेलुगू विणकरांच्यात नवरा-नवरीनं एकमेकांच्या डोक्यावर वाटलेलं जिरं-गूळ ठेवलं की लग्न लागलं. बाकी सगळं तुझ्या मते नुसती जेवणावळ. माझ्या लग्नात, सासरच्या गावी शहापूरच्या मांडवात, तू ते पितळी डबीत आणलं होतंस, पहाटे उठून पाट्यावर वाटलेलं. माझ्या चुलत नणंदा डबी पाहून खिदळल्या, "डोक्शाले गूळ? मुंगळे लागतीन ना वो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत 'तेलंगीण' म्हणून चिडवायचे, ते इथेही सुरू होणार असं वाटलं. तेवढ्यात भटजी वाकून विचारतात, "तुमच्यातलं काही राहिलं का, बाई?" तू गर्दीतून पुढे येते आहेस, डबीचं झाकण हातात. मी मान हलवते. "आमच्यात असं काही नसतं." मंगलाष्टकं सुरू होतात, अक्षता पडतात, आणि तू आहेस तिथेच उभी राहतेस.

नंतर तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, त्यांच्यात चालत नाही. एवढं एकच वाक्य. तू ते शेवटपर्यंत धरून बसलीस. मोहल्ल्यात सांगायचीस, "तिच्या सासूनं माया हातचं जिरं-गूळ नाही लावू देल्लं." माझ्याकडे यायचीस, पण सासूबाईंनी चहा पुढे केला की कप बाजूला सारायचीस. "लेकीच्या घरचं नाही घेत जी मी." त्यांना ते खरं वाटायचं. कपावर साय धरेपर्यंत तुम्ही दोघी समोरासमोर बसायच्यात आणि मी आत उगाच भांडी घासायचे. एवढी वर्षं गेली अशी. तू गेलीस तेव्हाही आमच्या घरचा घोट तुझ्या पोटात नव्हता.

नातीनंच हट्ट धरला, आजीचं जिरं-गूळ पाहिजे. मी तुझी डबी काढली, मिक्सरमध्ये वाटलं, पाणी जास्त झालं. काल ते जावयाच्या कानामागून सदऱ्यावर ओघळलं. सगळे हसले, पोरगीही हसली, तिला कसली म्हणून लाज वाटली नाही. मला तिचा फार हेवा वाटला, अम्मा.

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं. डबीत बोट बुडवून त्यांनी चाटलं आणि म्हणाल्या, "तुया लग्नात काहून नाही केलं वो तुया मायनं? मी त भटजीले सांगून ठेवलं होतं, थांबजा जी, त्यायचं काही राहीन म्हणून." मी म्हटलं, "विसरली असन."

म्हणजे एकदा तुझ्यापाशी त्यांच्यावर ढकललं आणि काल त्यांच्यापाशी तुझ्यावर.

नाही म्हणणारी मीच होते. हे तुला लिहिणं सोपं गेलं, तू काही विचारायला येणार नाहीस. सासूबाई पलीकडच्या खोलीत उठून बसल्यात, चहा मागताहेत. कागद डबीत घालून झाकण लावते. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि आज सांगेन असंही वाटत नाही.