बी.ए. बदलीबाबत

४ मार्च, दुपार
आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना. संकल्प : यंदा मार्च न घाबरता काढायचा. म्हणजे मी घाबरट नाहीच. मी सावध आहे. पालिकेच्या लेखा शाखेत सावध माणूसच पेन्शनपर्यंत पोचतो. माझ्या आधी या खुर्चीवर बसायचे त्यांनी शिड्यांच्या खरेदीवर डोळे झाकून सही केली. आता ऑडिटवाले त्यांना वरचेवर बोलावतात. ऑफिसात त्यांचं नावच पडलंय, शिडीवाले. मला असलं नाव नको.

दुपारी अग्निशमन दलाकडून जाड फाइल आली. वर लिहिलेलं : ‘बी.ए. बदलीबाबत’. उघडली नाही. अनुभवी माणसाला कव्हरावरून कळतं. बी.ए. झालेल्या लोकांच्या बदल्या हा लेखा शाखेचा विषयच नाही. शेरा मारला : ‘बी.ए. बदलीची कार्यवाही आस्थापना शाखेने तातडीने करावी.’ ‘तातडीने’ हा शब्द मी सहसा वापरत नाही. आज वापरला. पाठवली फाइल, टेबल मोकळं. बरं वाटलं.

४ मार्च, संध्याकाळ
चिमणी ड्यूटीवरून आली. आमची मुलगी. इतिहास घेऊन बी.ए. केलं आणि भरती होऊन बसली अग्निशमन दलात. बायको म्हणते, नाव चिमणी ठेवलंत, मग धुराशी गाठ पडणारच. पण काळजीचं कारण नाही. ती कंट्रोल रूममध्ये फोनवर असते. मीच वरती शब्द टाकला होता. तिला माहीत नाही. तिला वाटतं जागा रिकामी नाही म्हणून गाडीवर पाठवत नाहीत. फोनवर आग लागत नाही. मी निर्धास्त झोपतो.

७ मार्च
फायर स्टेशनचे ऑफिसर आले. उंच माणूस, आवाज इतका हळू की आपल्यालाच पुढे वाकावं लागतं. फाइल कुठे आहे विचारलं. म्हटलं, आस्थापनेत, बदल्यांचा विषय ना. ते म्हणाले, साहेब, बी.ए. म्हणजे ब्रीदिंग अपरेटस. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर मास्क. धुरात जायचं तर तेच लागतं. आणि बदली म्हणजे जुने काढून नवे घेणं.
मी म्हटलं, माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.
ते हसले नाहीत. मास्कचं रबर कडक झालंय, गालाशी फट पडते, धूर आत येतो. हवा संपत आली की वाजणारी शिट्टी कधी वाजते, कधी नाही. परवा एक जण गुडघ्यावर रांगत बाहेर आला. निधी मंजूर आहे, पण एकतीस तारखेला परत जातो. तुमची सही हवी.
मी म्हटलं, जरा दम धरा.
ते म्हणाले, आत गेल्यावर तेच करतात साहेब पोरं.
याचा अर्थ मला जेवताना लागला. घास ताटात ठेवला. पाणी प्यायलो.

८ मार्च
ऑफिसरांनी फाइलची दुसरी प्रत आणून टेबलावर ठेवली. रात्रभर विचार करून निर्णय घेतला आहे : सही करायची. फक्त आधी एक छोटा शेरा, ऑडिटच्या तोंडाला कुलूप म्हणून. ‘सिलिंडरमध्ये हवा असताना संच बदलण्याची निकड काय? हवा शिळी होते काय? आरोग्य शाखेने खुलासा करावा.’ शिपाई मला माझ्यामागे खुलासाराव म्हणतात. म्हणोत. शिडीवाले म्हणण्यापेक्षा बरं.

१२ मार्च
काय लिहू.
चिमणी दारातून नाचतच आत आली. हातात ऑर्डर. बदली झाली, बाबा! फोनवरून थेट गाडीवर! आस्थापनेने माझा शेरा वाचून अग्निशमन दलातल्या बी.ए. झालेल्या सगळ्यांची बदली केली. सगळ्यांची म्हणजे तिची. दलात बी.ए. ती एकटीच. ऑर्डरमध्ये माझ्या शेऱ्याचा क्रमांक, तारखेसकट. एवढं जलद काम तिथे कधी झालेलं मला आठवत नाही. तो ‘तातडीने’ नडला.
तिने माझ्या गळ्यात हात टाकले. म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला माझी नोकरी आवडतच नाही. आणि तुम्हीच केलंत, न सांगता. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.
मी म्हटलं, अगं, बापाचं कर्तव्यच आहे.
हिने पुढ्यात चहा आदळला. त्यात साखर नव्हती. मी प्यायलो. मागायची हिंमत झाली नाही.

१३ मार्च
योजना : ऑर्डर रद्द करून घ्यायची. सोपं आहे, शेरा माझाच.
आस्थापनेतल्या बाई म्हणाल्या, करू की रद्द. लेखी द्या. कारण लिहा. मी कागद घेतला, पेन उघडलं. चूक झाली असं लिहिलं तर ऑडिट. मुलगी आहे असं लिहिलं तर वशिला. मला भीती वाटते असं लिहायला आपल्या कामकाजात पद्धतच नाही. पेन बंद केलं. बाई म्हणाल्या, आणि साहेब, पोरगी पेढे मिळाल्यासारखी खूश आहे हो.
परत आलो. दुसरी योजना : मग संचच नवे घ्यायचे. तिथेही अडलं. मुलीच्याच गाडीसाठी बाप सही करतो, हितसंबंध नाही का? इकडे आड, तिकडे विहीर. मधल्या मध्ये मी, खुर्चीत.
तिसरी योजना उत्तम आहे. स्वतः जुना संच लावून धुरात जायचं, प्रत्यक्ष पाहणी करायची आणि तसं लिहायचं. मग कोणाची शामत आहे बोलायची. शिवाय हे लोक थोडं वाढवूनच सांगत असणार. मास्कच तो, माणसं घालतातच ना. ऑफिसरांना फोन केला. या म्हणाले, सरावाची धुराची खोली आहे.

१५ मार्च
सराव चालू. बाथरूममध्ये बादलीत तोंड बुडवून दम धरतो. माझी छाती मजबूत आहे, शाळेत पोहायचो. म्हणजे काठाशी. हिने दार ठोठावलं, आत काय बुडबुडे चाललेत. म्हटलं, प्राणायाम. ती म्हणाली, प्राण राहिला तर आयाम.

१७ मार्च
रात्रीची झोप उडाली आहे. रस्त्यावर बंब वाजला की उठून बसतो. कोणत्या दिशेला गेला ते ऐकतो. ही पण उठलेली असते. आम्ही एकमेकांना झोप म्हणतो.
हे भीतीमुळे नाही. उकडतं.

१९ मार्च
पाहणी झाली. यशस्वी म्हणावी लागेल.
स्टेशनच्या मागे एक बंद खोली आहे, खिडकी नाही, आत मोडकी टेबलं आणि एक जिना. मशीनचा धूर सोडतात. बाधत नाही म्हणाले. मला जाकीट, पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. सिलिंडरच्या वजनाने मी आधी मागेच बसलो. सगळे आदराने गप्प होते.
आत गेलो. स्वतःचा हातही दिसेना. फक्त आपल्याच श्वासाचा आवाज, अगदी कानात. मग गालापाशी काहीतरी गार सरकलं आणि तोंडात धुराची चव आली. धूर आत आला. खरंच येतो. मी जोरात श्वास ओढला तर हवा येईना. पुन्हा ओढला. नाही. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं. मला दार कुठे आहे ते कळेना. खाली बसलो. टेबलाचा पाय सापडला तो घट्ट धरला. मी मरतोय असं वाटलं. वाटलं काय, खात्रीच झाली.
टेबलाचा पाय म्हणाला, बाबा, मी आहे.
चिमणीने खांद्यावर हात ठेवला. दमानं घ्या, म्हणाली. ओढू नका, हळू घ्या. आता माझ्याबरोबर सोडा. लहानपणी तिला ताप आला की मी असाच पाठीवरून हात फिरवायचो. मला भिंतीच्या कडेकडेने बाहेर आणलं.
मी आत मोठ्याने ‘मला घरी जायचंय’ ओरडलो असं बंबाच्या ड्रायव्हरने सांगितलं. माझ्या लक्षात नाही.
पाणी पिऊन मी विचारलं, तू आगीत जाताना कुठला मास्क घालतेस? ती म्हणाली, तुम्ही घातला होता तोच. माझाच दिला तुम्हाला, त्यातल्या त्यात बरा आहे.

२० मार्च
ऑफिस उघडताच सही केली. एका फटक्यात. हितसंबंध तर हितसंबंध. ‘प्रत्यक्ष पाहणी केली, संच तातडीने बदलावेत.’ शिपायाच्या हाती न देता फाइल स्वतः नेऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. शिपाई दारात उभा राहून बघत होता. शिडीवाले म्हणाले तरी चालेल. काम फत्ते.

२४ मार्च
मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, फाइलवर एक शेरा उघडा आहे. हवा शिळी होते काय. खुलासा कुठे आहे?
म्हटलं, साहेब, तो शेरा मी मागे घेतो, तो मूर्खपणा होता.
ते म्हणाले, असं कसं, मुद्दा बिनतोड आहे, मला स्वतःला सुचला नसता. खुलासा आला की लगेच सही करतो. सावधपणा तुमच्याकडूनच शिकलो.

२६ मार्च
आरोग्य शाखेत तीन फेऱ्या. तिथले डॉक्टर कामाचे पक्के. हवेचा नमुना तपासायला पाठवलाय. मी त्यांना म्हटलं, काहीही लिहा हो, पण लिहा. ते दुखावले. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.
चिमणीला म्हटलं, दोन-चार दिवस रजा काढ. ती म्हणाली, बाबा, आत्ता तर सुरुवात झाली.

३१ मार्च, संध्याकाळ
ऑफिस सुटायच्या आत खुलासा आला. एक ओळ.
‘तपासणीअंती हवा शिळी होत नसल्याचे दिसून आले. सबब बदलीची निकड दिसत नाही.’
मोठ्या साहेबांनी खाली लिहिलं, ‘सहमत. उत्तम शेरा.’ निधी परत गेला. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. म्हणजे ठेवला. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
आजपासून लिहितो ते खरं लिहितो. मला भीती वाटते. मी सावध वगैरे काही नाही.
ती रात्रपाळीवर गेली. जाताना मास्क पुसून पिशवीत ठेवत होती. गालाशी चिकटपट्टी लावलीय तिने, फट बुजायला. मला दाखवून म्हणाली, बघा, झाला की नवा.

१ एप्रिल, सकाळ
नवीन आर्थिक वर्ष. संकल्प लिहायला बसलो.
पहाटे बंब गेले. एक नाही, सगळे. गोदामांच्या दिशेने. पाळी संपायची वेळ होऊन गेली. ही खिडकीशी उभी आहे, चहा केलेला नाही.
कंट्रोल रूमला फोन लावला. चिमणीच्या जागेवर आता दुसरी मुलगी बसते. आवाज गोड आहे. नाव सांगितलं, विचारलं. ती म्हणाली, काका, आतली माणसं अजून बाहेर यायची आहेत. कळलं की सांगते. जरा दम धरा.
धरला आहे.